स्वमग्न प्रौढ आणि प्राथमिक आरोग्यसेवा

स्वमग्नता हा बालपणाचा विकार आहे, असा समज वैद्यकशास्त्रात आणि समाजातही दीर्घकाळ रूढ होता. या समजाचे मूळ स्वमग्नतेच्या अभ्यासाच्या इतिहासातच सापडते. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमत, नित्यक्रमात जराही बदल झाला तर व्याकूळ होत, आणि भाषेचा उपयोग इतरांहून वेगळ्या प्रकारे करीत. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले. दोघांपुढे मुलेच होती. त्यामुळे पुढील कित्येक दशके स्वमग्नतेसंबंधीचे संशोधन, शाळा आणि उपचारकेंद्रे मुलांभोवतीच वाढली.

मुले मात्र मोठी झाली. कॅनर यांच्या लेखातील पहिले बालक म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा डॉनल्ड ट्रिप्लेट. त्याने आपल्या गावातील बँकेत अनेक वर्षे नोकरी केली, तो गोल्फ खेळला, प्रवासाला गेला, आणि २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा त्यांना एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्यांना मोठ्या सरकारी संस्थांत ठेवले गेले, त्यांनी पूर्वी मिळवलेले थोडेफार कौशल्यही गमावले होते. ज्यांना ओळखीच्या माणसांचा सहवास आणि काही काम मिळाले, ते पुष्कळ बरे जगत होते. स्वमग्न व्यक्तीचे भवितव्य केवळ तिच्या मेंदूच्या घडणीवर ठरत नाही, भोवतालच्या व्यवस्थेवरही ठरते, हा धडा त्यातून मिळतो.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित असलेली आणि जन्मभर राहणारी अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. यांपैकी काहींना जवळजवळ बोलता येत नाही व दैनंदिन व्यवहारात सतत साहाय्य लागते. काही जण पदवीधर असतात, नोकरी करतात, संसार करतात. या दोन टोकांच्या मध्ये असंख्य छटा आहेत. परंतु त्या सर्वांना, इतर कोणत्याही माणसाप्रमाणे, ताप येतो, दात किडतात, रक्तदाब वाढतो, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी त्यांना स्वमग्नतेच्या तज्ज्ञाची गरज नसते; कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील सामान्य वैद्याची असते. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा वैद्य आणि त्याच्या दारापाशी येणारा स्वमग्न तरुण किंवा प्रौढ यांच्यातील संबंध हा आहे.

सदर बाजारातील एक घर

या प्रश्नाचे स्वरूप एखाद्या विशिष्ट वस्तीच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरमधील सदर बाजार ही अशी एक जुनी वस्ती आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, त्यांवर माड्यांची घरे, शेजारीच गोलबाजाराची गर्दी, आणि दिवसभर न थांबणारे वाहनांचे भोंगे, असे तिचे रूप आहे. या शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरच्या भोसल्यांच्या सत्तेखाली आले. पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. साहजिकच राज्यकारभार, शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. त्यांच्या घरात मराठी, कचेरीत व दवाखान्यात हिंदी, आणि रस्त्यावर छत्तीसगडी अशा तीन भाषा सहजपणे नांदतात.

अशाच एखाद्या घरातील बावीस वर्षांच्या एका स्वमग्न तरुणाची कल्पना करावी. पुढील प्रसंग कल्पित आहे. परंतु त्यातील प्रत्येक घटक अशा कुटुंबांच्या अनुभवात वारंवार आढळणारा आहे. हा तरुण मोजकेच शब्द बोलतो. सकाळी ठरावीक वेळी चहा, दुपारी वरणभात, संध्याकाळी वडिलांबरोबर पेढीपर्यंत एक फेरी, हा त्याचा नित्यक्रम असतो. एका आठवड्यात अचानक तो स्वतःच्या उजव्या गालावर चापट्या मारू लागतो. थंड दहीभाताखेरीज काही खात नाही. रात्री झोपत नाही. आई तोंड पुसायला गेली तर तिला ढकलतो. शेजारी म्हणतात, “वय वाढलं तसं वेडही वाढलं.”

आई त्याला दवाखान्यात नेते. तेथे तासभर रांग असते. डोक्यावर कुरकुरणारा पंखा, बाहेर भोंगे, जवळच रडणारे एक मूल. आत जाईपर्यंत तो कानांवर हात घट्ट दाबून पुढे-मागे झुलू लागलेला असतो. डॉक्टर हिंदीत विचारतात, “दर्द कहाँ है?” तो उत्तरतो, “कहाँ है, कहाँ है.” ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे हे स्वमग्नतेचे एक सुपरिचित लक्षण आहे, पण ते उत्तर नव्हे. डॉक्टर त्याच्या तोंडाजवळ हात नेतात, तो किंचाळतो. तपासणी तेथेच संपते. गुंगीचे औषध लिहून दिले जाते. आठ दिवसांनी जबडा सुजतो, आणि मग कळते की, खालच्या दाढेत गळू झाले होते.

या घटनेत कोणीही दुष्ट नाही. डॉक्टरांपुढे वीस रुग्ण रांगेत आहेत, आई गोंधळलेली आहे, तरुणाला शब्द सापडत नाहीत. तरीही आठ दिवसांची वेदना आणि एक अनावश्यक औषध त्याच्या वाट्याला आले. हे का घडले आणि ते कसे टळले असते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वर्तनाच्या आड दडलेला आजार

स्वमग्न व्यक्तीच्या प्रत्येक नव्या लक्षणाचे कारण स्वमग्नतेतच शोधण्याची प्रवृत्ती वैद्यकात सर्वत्र आढळते. एका निदानाची सावली दुसऱ्या आजारावर पडते आणि तो दिसेनासा होतो. वरील तरुणाने गालावर मारून घेतले. ते ‘स्वमग्न माणसाचे वर्तन’ ठरले. तेच एखाद्या दुकानदाराने गाल धरून सांगितले असते, तर त्याला तत्काळ दंतवैद्याकडे पाठवले गेले असते.

यावर उपाय म्हणून एक साधा नियम सांगता येईल. स्वमग्न व्यक्तीच्या वागण्यात, झोपेत, आहारात किंवा कौशल्यात अचानक बदल झाला, तर शारीरिक कारण नाही असे सिद्ध होईपर्यंत ते आहे असेच धरून चालावे. शोधाचा क्रमही ठरवून घेता येतो: दात व हिरड्या, कान, घसा, पोट, मूत्रमार्ग, अंगावरची एखादी जखम किंवा न कळलेले हाडाचे मोडणे, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीच्या वेदना, आणि अखेरीस चालू असलेल्या औषधांचे दुष्परिणाम. या यादीतील बहुतेक गोष्टी पाहण्यासाठी विजेरी, कर्णदर्शक, थर्मामीटर आणि लघवीची साधी तपासणी एवढ्यावर भागते.

वेदना व्यक्त करण्याची रीत स्वमग्न व्यक्तीत वेगळी असते, हे वैद्याने जाणले पाहिजे. काही जणांना हलका स्पर्शही असह्य होतो, तर काहींना हाड मोडले तरी फारसे जाणवत नाही असे बाहेरून वाटते. भूक, तहान, लघवीची जाणीव, छातीतील धडधड अशा शरीराच्या आतल्या संवेदना ओळखून त्यांना नाव देणे अनेकांना जमत नाही. ‘शून्य ते दहा यांपैकी किती दुखते?’ हा नेहमीचा प्रश्न अशा वेळी निरर्थक ठरतो. त्याऐवजी चेहऱ्यांची चित्रे दाखवावीत, शरीराच्या आकृतीवर बोट ठेवायला सांगावे, किंवा ‘हो’ आणि ‘नाही’ यांत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत.

येथे भाषेचा मुद्दाही उपस्थित होतो. घरी ‘दुखतं’ हा शब्द शिकलेल्या तरुणाला ‘दर्द’ हा शब्द त्याच अनुभवाशी जोडता येईलच असे नाही. आणि परिचारिकेने आपुलकीने छत्तीसगडीत ‘पिराथे का?’ असे विचारले, तर तो तिसराच ध्वनी ठरतो. इतरांना जो अनुवाद क्षणात साधतो, तो ज्याला एका शब्दाशी एकच प्रसंग जोडायची सवय आहे, त्याला साधत नाही. म्हणून घरात वेदनेसाठी कोणता शब्द, खूण किंवा चित्र वापरले जाते, हे आईला विचारून केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

संशोधनातून काय दिसते

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७,००० हून अधिक स्वमग्न व्यक्तींच्या नोंदी सर्वसाधारण लोकसंख्येशी ताडून पाहण्यात आल्या. अभ्यासकाळात मृत्यू पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सुमारे ५४ होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांचे सुमारे ७०. स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमताही असलेल्या गटात ते ४० च्या आसपास होते. या दुसऱ्या गटात अपस्मारासारखे मज्जासंस्थेचे आजार हे मृत्यूचे मोठे कारण ठरले, तर ज्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती, त्यांच्यात आत्महत्येचे प्रमाण भयावह होते. जे लोक ‘बरेच बरे आहेत’ असे मानून दुर्लक्षिले जातात, त्यांच्या मनाचे दुःख किती खोल असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार स्वमग्न प्रौढांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिंताविकार व नैराश्य यांबरोबरच अपस्मार, पचनसंस्थेचे विकार, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता हे आजारही इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळले. हे सर्व आजार प्राथमिक आरोग्यसेवेच्या कक्षेत येणारे आहेत. त्यांचे निदान रक्तदाबमापक, वजनकाटा आणि रक्ताची साधी तपासणी यांनी सुरू होते.

मग ही माणसे दवाखान्यापर्यंत का पोहोचत नाहीत? आयर्लंडमधील डॉक्टर मेरी डोहर्टी, ज्या स्वतः स्वमग्न आहेत, आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये याविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ऐंशी टक्के स्वमग्न प्रौढांनी कुटुंबवैद्याकडे जाणे कठीण वाटते असे सांगितले. स्वमग्न नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे सदतीस टक्के होते. अडचणींत पहिली होती ती म्हणजे आपले लक्षण डॉक्टरकडे जाण्याइतके गंभीर आहे की नाही, हे ठरवता न येणे. दूरध्वनीवरून वेळ ठरवण्याची धास्ती, आपले म्हणणे समजून घेतले जात नाही ही भावना, आणि प्रतीक्षाकक्षातील कोलाहल यांचाही त्यात समावेश होता. थोडक्यात, अडथळा उपचारांत नव्हता. तो उपचारापर्यंतच्या वाटेवर होता.

दवाखान्यात करता येण्याजोगे बदल

ही वाट सुकर करण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. सदर बाजारासारख्या वस्तीतील एका खोलीच्या दवाखान्यातही पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट वेळेची. स्वमग्न रुग्णाला दिवसातील पहिली किंवा अखेरची वेळ द्यावी. बाजाराची दुकाने उघडण्यापूर्वी रस्ता शांत असतो. त्या वेळी आलेला रुग्ण तपासणीपूर्वीच थकून जात नाही. प्रतीक्षा अटळ असेल, तर त्याला घरी किंवा वाहनात थांबू द्यावे आणि पाळी आली की बोलवावे.

दुसरी गोष्ट पूर्वकल्पनेची. काय घडणार आहे हे आधी कळले, तर स्वमग्न व्यक्तीची निम्मी भीती ओसरते. दवाखान्याचे दार, डॉक्टरांची खुर्ची, रक्तदाबाचा पट्टा, सुई अशी चार-पाच छायाचित्रे क्रमाने लावून आई घरीच ती गोष्ट रोज सांगू शकते. केवळ खोली पाहण्यासाठी, तपासणीविना, एकदा येऊन जाण्याची मुभा द्यावी. तपासणीच्या वेळी प्रत्येक कृतीपूर्वी ती सांगावी आणि शक्य तर प्रथम आईच्या किंवा वैद्याच्या स्वतःच्या हातावर करून दाखवावी. ‘आता थोडंसंच’ असे मोघम न म्हणता ‘पाच मोजेपर्यंत’ असे म्हणावे, आणि पाच झाल्यावर खरोखरच थांबावे. एकदा शब्द मोडला की पुढच्या सर्व भेटी अवघड होतात.

तिसरी गोष्ट संवेदनांची. लुकलुकणारी नळी बंद करावी, पंख्याचा आवाज कमी करावा, उग्र वासाचे जंतुनाशक तपासणीच्या आधी वापरू नये. कानांवर आवाजरोधक लावून आलेल्या रुग्णाला ते काढायला लावू नये. रक्त घ्यायचे असेल, तर त्वचा बधिर करणारे मलम काही वेळ आधी लावता येते.

चौथी गोष्ट संभाषणाची. प्रश्न सोबत आलेल्या पालकाला विचारण्यापूर्वी रुग्णाला विचारावा. वाक्य लहान असावे, एका वेळी एकच प्रश्न असावा, आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबावे. दहा-पंधरा सेकंदांची शांतता वैद्याला दीर्घ वाटली, तरी रुग्णाला ती विचारासाठी हवी असते. म्हणी, उपरोध, विनोद टाळावेत. ‘पोटात कावळे ओरडतात का?’ असा प्रश्न शब्दशः घेतला जाण्याचा संभव असतो. नजरेला नजर देत नाही म्हणून तो ऐकत नाही, असे समजू नये. जो बोलू शकत नाही, त्याला समजतही नाही असे तर कधीच गृहीत धरू नये. लिहून, चित्राकडे बोट दाखवून किंवा मोबाइलवर टंकून उत्तर देणारे पुष्कळ जण आहेत.

या सर्वांची नोंद एका पानावर करून ते पान रुग्णाबरोबर ठेवावे. आवडते काय, असह्य काय, वेदना कशी दाखवतो, कोणती औषधे चालू आहेत, अपस्माराचा झटका येतो का, शांत कशाने होतो, एवढी माहिती त्यात पुरे. रात्री अपरात्री मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर हेच पान अनोळखी डॉक्टरच्या हातात पडते. असे पान केवळ असून भागत नाही, ते वाचलेही गेले पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा स्वमग्न तरुण २०१६ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी मरण पावला. मनोविकारावरील विशिष्ट औषधे त्याला देऊ नयेत असे त्याने व त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले असतानाही ते औषध देण्यात आले होते. त्यानंतर तेथे आरोग्यसेवकांना स्वमग्नतेविषयीचे प्रशिक्षण २०२२ च्या कायद्याने आवश्यक ठरले, आणि त्या प्रशिक्षणाला त्याचेच नाव देण्यात आले.

औषधांबाबतची ही दक्षता आपल्याकडेही अगत्याची आहे. रिस्पेरिडोनसारखी औषधे तीव्र चिडचिड व स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती कमी करण्यासाठी काही रुग्णांना उपयोगी पडतात. स्वमग्नता मात्र ती बरी करीत नाहीत. त्यांनी वजन व रक्तातील साखर वाढू शकते, हालचालींत ताठरपणा येऊ शकतो. म्हणून औषध का सुरू केले, केव्हापासून चालू आहे आणि अजून आवश्यक आहे काय, हे प्रश्न वैद्याने ठरावीक काळाने विचारावेत. वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, दात, दृष्टी, श्रवण, बद्धकोष्ठाची तक्रार, झोप व मनःस्थिती यांची एकत्र तपासणी व्हावी. मोजकेच पदार्थ खाणाऱ्यांत जीवनसत्त्वांची उणीव, आणि माती किंवा खडू खाण्याची सवय असलेल्यांत रक्तक्षय विशेष करून शोधावा.

पौगंडावस्थेतील विशेष प्रश्न

बारा ते वीस या वयात स्वमग्न मुलांच्या आरोग्यात काही विशेष गोष्टी घडतात. अपस्माराचे झटके बालपणाच्या आरंभी जसे सुरू होतात, तसेच ते पौगंडावस्थेतही प्रथमच सुरू होऊ शकतात. एकटक पाहत राहणे, क्षणभर भान हरपणे, झोपेत अंथरूण ओले होणे अशा खुणांकडे ‘त्याचं असंच असतं’ म्हणून दुर्लक्ष करू नये. याच वयात काही तरुणांच्या हालचाली मंदावतात, दारात पाऊल अडते, घास हातातच राहतो, येत असलेली कामे थांबतात. हा आळस किंवा हट्ट नसून उपचारयोग्य विकार असू शकतो; अशा रुग्णाला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

शरीरातील बदलांचे शिक्षण पाळी येण्यापूर्वीच द्यावे लागते. आईच्या पिशवीतील घडी दाखवून, बाहुलीवर करून दाखवून, महिन्याच्या दिनदर्शिकेवर खूण करून मुलीला तयार करता येते. पाळीचा त्रास थांबावा म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारण्याजोगा नाही. संमतीविना केली जाणारी अशी शस्त्रक्रिया तिच्या शरीरावरील तिचा हक्क डावलते. शिवाय त्यामुळे गैरवर्तनापासून तिचे संरक्षण होत नाही, उलट गैरवर्तन झाल्याची एक खूणच नाहीशी होते. खाजगी अवयव कोणते, कोणाचा स्पर्श चालेल, ‘नको’ कसे म्हणावे, हे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही साध्या शब्दांत व चित्रांत शिकवले पाहिजे.

ज्यांचे निदानच झाले नाही, असेही अनेक प्रौढ आहेत. १९८० पूर्वी जन्मलेल्या पिढीत स्वमग्नता हा शब्द फारसा कोणाला ठाऊक नव्हता. ‘विक्षिप्त’, ‘घुमा’, ‘मठ्ठ’ अशी विशेषणे लावून त्यांची बोळवण झाली. विशेषतः स्त्रिया इतरांचे हावभाव जपून उचलतात व आपले वेगळेपण झाकतात. त्याचा शीण मात्र नैराश्याच्या रूपाने बाहेर पडतो. वारंवार नैराश्य येणाऱ्या प्रौढाच्या बालपणाविषयी दोन प्रश्न विचारणे वैद्याला अशक्य नाही.

अठराव्या वाढदिवसानंतर

भारतात २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला; त्याचा शुभारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला होता. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि तपासायच्या अवस्थांत स्वमग्नतेचाही अंतर्भाव आहे. परंतु अठरावे वर्ष ओलांडताच हे दार बंद होते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, “आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा,” आणि मोठ्यांच्या डॉक्टरांनी स्वमग्नता बहुधा पाठ्यपुस्तकातील बालरोगाच्या प्रकरणातच वाचलेली असते. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षापासूनच नव्या वैद्याची ओळख करून देणे, आणि काही काळ दोघांनी मिळून रुग्णाला पाहणे हितावह ठरते.

कायद्याने मात्र हे दार बंद केलेले नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. या न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, व त्यात बाह्यरुग्ण उपचारांचाही समावेश होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेला मान्यताप्राप्त दिव्यांगत्वात स्थान दिले, आणि त्याच्या पंचविसाव्या कलमात दिव्यांगांना तपासणी व उपचारांत अग्रक्रम देण्याची तरतूद केली. तेव्हा रांगेतून आधी आत सोडणे हा डॉक्टरांचा उपकार नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. मूल अठरा वर्षांचे झाले की, ते कायद्याच्या दृष्टीने प्रौढ होते, आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. आवश्यक तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण त्याआधी साध्या शब्दांत समजावून दिल्यास तो स्वतःच निर्णय घेऊ शकतो काय, हे पाहिले पाहिजे.

रायपुरात मोठ्या रुग्णालयांची वाण नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले आंबेडकर रुग्णालय, तसेच २०१२ पासूनची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे आहे. राजनांदगाव येथे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे. परंतु गालावर चापट्या मारणाऱ्या तरुणाला रोज तेथे नेता येत नाही. १९७८ च्या अल्माआटा परिषदेने आरोग्यसेवा लोक राहतात तेथे व त्यांच्या सहभागाने मिळावी, असे म्हटले. त्याआधीच, १९७० पासून, अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका बनवून ते करून दाखवले होते. छत्तीसगडनेही २००२ मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू केला. मितानिन म्हणजे मैत्रीण. वस्तीतील ही स्त्री कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे जाणून असते. कोणत्या माडीवर एखादा स्वमग्न तरुण वर्षानुवर्षे दाराआड राहतो, हेही तिला ठाऊक असते. तिला या प्रकरणातील चार गोष्टी शिकवल्या, तर पहिली खबर वैद्यापर्यंत तीच पोहोचवू शकेल.

अखेरीस सदर बाजारातील त्या घराकडे पुन्हा वळू. तोच तरुण, तेच चापट्या मारणे. मात्र या वेळी दुकाने उघडण्यापूर्वीची वेळ ठरलेली आहे. केसपेपरवर ‘दुखतं’ हा शब्द आणि गालाचे चित्र आहे. डॉक्टर प्रथम आईला एकच प्रश्न विचारतात, “हे केव्हापासून बदललं?” मग ते विजेरी आधी स्वतःच्या तोंडात धरतात, मग तरुणाच्या हातात देतात. तो ती पेटवतो, विझवतो, पुन्हा पेटवतो. डॉक्टर चित्रावर बोट ठेवून विचारतात, “दुखतं?” बराच वेळ जातो. तरुण विजेरी आपल्या गालाला टेकवतो. पाच मोजेपर्यंत तो तोंड उघडे ठेवतो. किडलेली दाढ तेवढ्या वेळात दिसते.

या भेटीला दहा मिनिटे अधिक लागली. आठ दिवसांची वेदना त्यात वाचली.